दाजींचा टर्बो

माझा नवरा जयराम आणि माझा भाऊ गोरक्ष, दोघंही खोटं बोलणाऱ्यांतले नाहीत. म्हणूनच तर सगळी पंचाईत झाली. दोघांतला एक जरी लबाड असता, तर मी त्याला सरळ फैलावर घेतलं असतं आणि विषय संपला असता.

जयराम नाशिक-मुंबई भाड्याची गाडी चालवतो. सात सीटची डिझेल गाडी, नाशकात द्वारका चौकातल्या स्टँडवर नंबर लावतो. गेल्या वर्षी गाडीचा टर्बो गेला. टर्बो म्हणजे इंजिनात जोरानं हवा भरणारा पंखा. तो बिघडला की गाडी शिट्टी मारते, चढाला रडते आणि मागून निळा धूर सोडते. नवा घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं. मग जयरामनं मालेगावच्या जुन्या मालाच्या बाजारातून एक वापरलेला उचलून आणला, गोणपाटात गुंडाळून. बघितला तेव्हाच माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. पंख्याची पाती टवकलेली, मधला दांडा बोटानं हलवला तरी खुळखुळत होता. मी म्हटलं, हे भंगार आहे. तर म्हणाला, मग तुझा भाऊ कशाला आहे?

गोरक्षचं सातपूरला लहानसं वर्कशॉप आहे आणि टर्बो दुरुस्त करणं हेच त्याचं काम. दाजींची गाडी म्हणून त्यानं हातातली कामं बाजूला ठेवली. नवा पंखा घातला, बेअरिंग बदलली, सगळं मशीनवर बॅलन्स करून दिलं, मजुरीचं नाव काढलं नाही. फक्त एक गोष्ट बजावली. चढ चढून आलात की इंजिन लगेच बंद करायचं नाही, दोन मिनिटं नुसतं चालू ठेवायचं. टर्बो तापून लाल झालेला असतो. इंजिन एकदम बंद केलं की आतलं ऑइल जागच्या जागी जळतं आणि बेअरिंगची वाट लागते.

जयरामनं ते पाळलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पंचवटीत घरापुढं गाडी लावली तरी शाळेतल्या पोरासारखा हाताची घडी घालून आत बसून राहायचा. शेजारणी मला विचारायच्या, घरात यायला घाबरतो का गं हा?

तरी पावसाळ्यात टर्बो परत गेला. गोरक्षनं खोलला, तर आत जळक्या ऑइलची काळी खपली. त्यानं विचारलं, दाजी, तापलेली गाडी बंद करता का? जयरामनं निकिताची, आमच्या मुलीची, शपथ घेतली. गोरक्षनं पुन्हा सगळं नीट करून दिलं. दिवाळीच्या तोंडावर तीच शिट्टी, तोच धूर. या वेळी गोरक्षचा तोल गेला. "जळकं ऑइल काय मी ओतलं आत?" तो म्हणाला. "शपथा कशाला घेता खोट्या?"

मेहुण्यानं असं बोलावं हे जयरामला झोंबलं. तिथं तोंड उघडलं नाही, पण स्टँडवर चहा पिता पिता सगळ्यांना सांगत सुटला, की गोरक्षच्या हाताला यश नाही. ड्रायव्हर लोकांत अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. गोरक्षकडं येणाऱ्या गाड्या आटल्या. भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताट करून बसले, तो आला नाही. आईनं फोनवर रडून घेतलं, मग मी रडले. राग दोघांचा येत होता, पण माहेर तुटत होतं ते माझं एकटीचं.

गाडी तशीच धूर सोडत चालू राहिली. पुढं कल्याणला जयरामच्या चुलतभावाकडं साखरपुडा निघाला, म्हणून आम्ही दोघं गेलो. परतताना शहापूरला चहाला थांबलो, तिथंही हा इंजिन चालू ठेवून बसून राहिला. मला वाटून गेलं, गोरक्षचंच काम कच्चं असणार. आपल्या भावाबद्दल असं वाटणं फार वाईट असतं.

मग कसारा घाट लागला. गाडी कुंथत कुंथत वर आली. घाटमाथ्यावरच्या घाटनदेवीपाशी जयरामनं ती दर खेपेसारखी बाजूला घेतली आणि चाकं पुरती थांबायच्या आत किल्ली फिरवली. चपला काढल्या आणि हात जोडून देवळाकडं निघाला.

मी जागची हलले नाही. बॉनेटखाली तापलेलं लोखंड टकटक वाजत होतं. इतकी वर्षं मीही इथं अशीच उतरत आले होते, पदर सावरत, आणि एकदाही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तो प्रसाद घेऊन आला तेव्हा मी विचारलं, "इंजिन का बंद केलं?"

"मग काय देवीपुढं घरघरत ठेवू? माझ्या वडलांनी जन्मभर ट्रक चालवला, पण इथं कधी चालू ठेवला नाय."

"गोरक्षनं काय सांगितलं होतं?"

"ते गाडी थांबवायची तेव्हाचं. हे थांबणं थोडंच हाय? हे तर दर्शन..."

तो बॉनेटकडं बघत राहिला आणि त्याचा चेहरा उतरला. शपथ खोटी नव्हती. देवीपुढं थांबणं त्यानं कधी थांबण्यात धरलंच नव्हतं.

घोटी मागं पडली. मग तो हळूच म्हणाला, गोरक्षची माफी मागतो, पण घरातल्या घरात. स्टँडवर नको. लोक वर्षभर हसतील.

माझं डोकंच फिरलं. "त्याचं नाव घरात खराब केलं होतं का तुम्ही?"

मी गाडी अंबडवरून सातपूरला घ्यायला लावली आणि वर्कशॉपच्या दारात पिशवी घेऊन उतरले. "स्टँडवर बोलून झालं की न्यायला या," मी म्हटलं. "तोवर मी आईकडं आहे."

वर्कशॉप रिकामं होतं, मशीनवर कापड टाकलेलं. मी गोरक्षला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्याला बरं वाटेल. तो स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "पोरीची शपथ होती ताई," तो म्हणाला, "आणि मी दाजींना खोटारडं म्हटलं."

दुसरा दिवस गेला. ना फोन, ना निरोप. मी आईसमोर हसत होते आणि मनातून खचत होते. आपण फार ताणलं का, असं वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी गोरक्षचा डबा घेऊन वर्कशॉपवर गेले, तर स्टँडवरचा बहिरू ड्रायव्हर दारात उभा. हातात त्याच्या गाडीचा टर्बो.

"जयरामनं पाठवलं," तो गोरक्षला म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "काल टपरीपाशी सगळ्यांना गोळा केलं वहिनी. म्हणाला, मेहुण्याचं काम चोख होतं, देवीचा मान राखायच्या नादात मीच जाळला टर्बो. लोक हसले. लय हसले."

"आणि हे काय करत होते?" मी विचारलं.

"उभा राहिला. सगळ्यांचं हसून होईस्तोवर उभाच होता."

गोरक्षनं मशीनवरचं कापड काढलं आणि टर्बो हातात घेतला. मला रडू आलं. आणि रडता रडता रागही आला, कारण मला न्यायला जयराम अजून आला नव्हता.