नदीला पाठ झालेली हाक

जीप भगवंतची होती, पण गयाबाईंनी आपला एकुलता एक मुलगा खुशाल सोपवला तो सुधाकरच्या हाती. "भगवंतचं ध्यान गाडीत राहीन," त्या खिडकीशी येऊन म्हणाल्या. "तू मास्तर हायेस. जसा नेऊन राह्यला, तसा वापस आण माह्या पोराले."

सुधाकर हो म्हणाला. तामसी गावच्या शाळेत दिवसभर पोरांना हो-नाही करणारा माणूस, त्याला एका होकाराचं काय ओझं?

"आन पान्यावर कोनाचं नाव घेऊ नका. नदीनं नाव आयकलं का ती पाठ करते, आन दुसऱ्या नदीले सांगते."

गयाबाईंचं माहेर पैनगंगेच्या काठचं. उन्हाळ्यात पात्रात डांगरवाड्या, म्हणजे टरबूज-खरबुजांचे मळे, लावणारी माणसं ती. पाण्यात उतरलं की ती एकमेकांना नुसती 'ओ' अशी साद घालतात, नावानं कधी हाक मारत नाहीत. तिघंही हसले, आणि शिकलेला म्हणून सुधाकर जरा जास्तच हसला.

टीव्हीवर गोरी पोरं प्लास्टिकच्या लांबुळक्या होडीतून फेसाळत्या पाण्यात उड्या घेताना पाहिली, आणि भगवंतच्या डोक्यात किडा वळवळला. मग काय, जिथं वैशाखात म्हशीचं पोट भिजायची मारामार, तिथले हे तीन वीर एपी-०१ नंबरपाटीची जीप घेऊन थेट नेपाळात त्रिशूली नदीवर पोचले. कयाक म्हणतात त्या होडीला. कंबरेपासून खाली माणूस होडीतच अडकलेला असतो. आधी संथ पाण्यात शिकले, पालथे झाले, नाकातोंडात पाणी घेऊन खिदळले.

मग खुशाल खळखळाटात शिरला. सुधाकर काठच्या खडकावर उभा होता. पाहता पाहता होडी उलटली, आणि वर नुसतं तिचं पिवळं पोट दिसू लागलं. खुशाल काही वर येईना. सुधाकरला खिडकीशी उभ्या गयाबाई आठवल्या, आणि तो घसा फाटेस्तोवर ओरडला, "खुशाल! खुशाल रे!"

खुशाल धारेबरोबर बराच पुढे वाहत जाऊन वर आला. खोकत होता, हसतही होता. संध्याकाळी त्यावरून सुधाकरची भरपूर टिंगल झाली.

परतीच्या वाटेवर गंगेच्या पुलावर खुशाल मागच्या सीटवर शेजारच्या सुधाकरला म्हणाला, "काऊन बोलावलं बे?"

"कोन बोलावलं?" भगवंतनं विचारलं.

"सुधाकरनं. आत्ता."

सुधाकर तोंड उघडं टाकून झोपला होता. भगवंत म्हणाला, घोरत असंल. पण नर्मदेवर खुशालनं पुन्हा तेच विचारलं, आणि या वेळी तो हसत नव्हता. वैनगंगेच्या पुलावर त्यानं काही विचारलंच नाही. कठड्यापलीकडे पाहत त्यानं दाराच्या खिटीवर हात ठेवला. सुधाकरनं तो हात धरला तर बर्फासारखा गार. त्यानंतर सुधाकरला भीती वाटू लागली, खरीखुरी भीती.

पैनगंगा ओलांडली की आपलं घर. पूल पार करून भगवंतनं टपरीपाशी जीप थांबवली. ऐन दुपार होती. सुधाकर चहा सांगून वळला, तर सीट रिकामी. खुशाल उतार उतरून पात्रात पोचला होता, डोहाच्या काठाशी.

आणि मग सुधाकरलाही ते ऐकू आलं. "खुशाल! खुशाल रे!" डोहातून. आवाज सुधाकरचाच होता, तसाच फाटलेला, तसाच घाबरलेला.

खुशाल घोट्यापर्यंत पाण्यात गेला. तो बिचारा मित्राच्या हाकेलाच ओ देत होता. सुधाकर धावला, पण वाळूत पाय रुतत होते. हाक मारावी तर कशी? तोंडात नाव तेच, आवाज तोच, आणि भीतीही तीच. खुशाल गुडघ्याएवढ्या पाण्यात पोचला.

सुधाकर थांबला. मग रोजच्यासारखं वैतागून म्हणाला, "येतं का बे? चहा थंडा होऊन राह्यला."

डोह गप्प झाला. खुशालनं मागे पाहिलं, डोळे चोळले आणि मुकाट्यानं बाहेर आला. नदीला फक्त घाबरलेला सुधाकर ठाऊक होता. कटकट्या सुधाकर तिनं ऐकलाच नव्हता. चहा न पिताच तिघं जीपमध्ये बसले. भगवंतनं किल्ली फिरवली. सुधाकरचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात खालून, डोहातून, अगदी रोजच्यासारखा वैतागलेला आवाज आला, "येतं का बे? चहा थंडा होऊन राह्यला."

खुशालनं शेजारी पाहिलं. सुधाकरनं दातांवर दात रोवले होते, आणि त्याचे डोळे वाहत होते. त्यानं खुशालचं मनगट धरलं ते थेट गयाबाईंच्या दारात सोडलं. जसा नेला तसा आणून दिला, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही.

त्याला आता कित्येक वर्षं झाली. सुधाकर वर्गात शिकवतो, बायकोशी भांडतो, बाजारात घासाघीस करतो. खुशालकडे रोज संध्याकाळी जातो, दोघं ओट्यावर बसून तंबाखू मळतात आणि सगळं हातवाऱ्यांनी चालतं. खुशालच्या लग्नातसुद्धा हा पठ्ठ्या त्याच्या गळ्यात पडून नुसता रडला. लोक म्हणतात, यांचं काहीतरी बिनसलंय.

बिनसलेलं काही नाही. खुशालला एवढं मात्र पक्कं ठाऊक असावं लागतं, की सुधाकरचा आवाज आला, म्हणजे तो सुधाकर नव्हे.