न गाळलेलं पाणी

तलासरीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या यमुनाला प्रकाश मोजण्याचं काम मनापासून आवडे. दरवर्षी ती लाल लेझरची तिरीप तीन वाटांनी सोडून दाखवी: रिकाम्या नळीतल्या हवेतून, पाण्याने भरलेल्या नळीतून आणि काचेच्या बारीक तंतूतून. पलीकडच्या टोकाला प्रकाशमापक असे. हवेतून प्रकाश जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडे. तंतूचं भेंडोळं केवढं तरी लांब, पण त्याच्याही टोकाला लाल ठिपका उमटे. इंटरनेटच्या तारेतला प्रकाश इथून डहाणूपर्यंत गेला तरी त्यातला चौथा हिस्सा शिल्लक राहतो, आणि खाडीच्या गढूळ पाण्यात मात्र तो हातभर अंतरातच थकतो, असं ती सांगे.

हे बोलणं कुणा विद्यार्थ्याकरवी किनाऱ्यावरच्या झाई गावात पोचलं आणि मच्छीमार सोसायटीचा एकनाथ तिला शोधत आला. खाडीच्या मुखाशी नव्या धक्क्यासाठी मातीचा भराव पडत होता. तेव्हापासून पाणी गढुळलं आणि खडकांवरच्या शिंपल्यांतली कालवं गाळाखाली गुदमरली, असं ती काढून विकणाऱ्या बायकांचं म्हणणं होतं. सोमवारी तहसील कचेरीत सुनावणी होती. भराव थांबवायचा की चालू द्यायचा, ते त्यानंतर ठरणार होतं. तोंडी सांगितलेलं कोणी मनावर घेत नाही, तेव्हा मॅडमनी पाणी मोजून द्यावं, असं त्याने अजिजीने सांगितलं.

यमुनाने बाटल्या घासूनपुसून, शुद्ध पाण्याने विसळून दिल्या. भरावाजवळचं पाणी भरून पाठवायचं काम एकनाथच्या वहिनीने, हिरीने, अंगावर घेतलं. बाटल्या वेळेवर आल्या. मापकावर आकडे उमटले ते मात्र नळाच्या पाण्याच्या आसपासचे. यमुनाने नळी पुसली, लेझर तपासला, पुन्हा मोजलं. फरक पडेना. शेवटी तिने एकनाथला फोन करून तसं सांगितलं.

तो म्हणाला, "म्हणजे आमच्या बायका खोटं बोलतात, असं लिहिणार तुम्ही?"

मापकावर जे दिसलं तेच लिहीन, असं ती म्हणाली खरी. पण फोन ठेवल्यावर तिलाच ते उत्तर अपुरं वाटू लागलं. आकडा सांगायचाच तर निदान समोर बसून सांगावा, म्हणून शनिवारी नळी, लेझर आणि मापक पिशवीत घालून तिने झाईची एसटी धरली.

हिरीच्या कानावर सगळं गेलेलं होतं. तिने "ये बाय" म्हटलं, पण नजर दिली नाही. तरी दारी आलेल्या माणसाला पाणी द्यायला ती चुकली नाही. तांब्याच्या तोंडावर दुहेरी फडकं धरून तिने माठातलं पाणी सावकाश ओतलं.

"मावशी, माठात भरताना गाळलेलं असेल ना हे?" यमुनाने सहज विचारलं.

"असेल की. पण दुसऱ्याच्या हातात द्यायचं पाणी देताना गाळावं."

तांब्या यमुनाच्या हातातच राहिला. "आणि त्या बाटल्यांतलं?"

"ते तर कॉलेजात जायचं होतं," हिरी म्हणाली. "दोनदा गाळलं. तुरटी फिरवली. निवळल्यावर वरचं वरचं भरलं. तू बाटल्या अशा लखलखीत दिल्यास, त्यांत चिखल घालायला माझा हात कसा धजेल?"

यमुनाला हसू आलं आणि लगेच ते विरलं. हिरीने कुठेच लबाडी केली नव्हती. उलट ज्या पाण्याबद्दल तिची तक्रार होती, ते ती आपल्या परीने शहाण्या माणसांसमोर ठेवण्याजोगं करून देत होती. यमुना तिला सारं समजावून सांगत गेली तसा हिरीचा चेहरा उतरला. आपली चूक आता कागदावर येणार का, असं तिने हळूच विचारलं.

"माझी येईल," यमुना म्हणाली. "पाणी कसं भरायचं ते मी सांगायला हवं होतं."

दुपारी एकनाथने होडी काढली. ओहोटी लागली होती. पाणी वरच्या अंगाकडून भरावाकडे उतरत होतं. भरावाच्या खालच्या बाजूला हिरीने नळी भरली. मापकावर ऊन पडू नये म्हणून ताडपत्री डोक्यावर ओढून तिघं दाटीने बसली. रिकाम्या नळीतून मघाशी टोकाला उमटलेला लाल ठिपका आता निम्म्या वाटेवरच धुक्यात विझल्यासारखा झाला. मापकाचा आकडा शून्याला टेकला.

"झालं मग, मॅडम," एकनाथ म्हणाला.

"पाणी गढूळ आहे, एवढंच झालं. गाळ कुठला, ते अजून कळलं नाही. वर जाऊन, भरावाला लागण्याआधीचं पाणीही मोजायला हवं."

"आणि वरही असंच निघालं तर?"

"तर तेही लिहावं लागेल."

एकनाथने वल्हं हातात धरलं, पण मारलं नाही. हाती आलेला आकडा त्याला पुरेसा होता. दुसरा कशाला हवा, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"चल रे," हिरी म्हणाली. "मी पाणी निवळवून घोटाळा केला, आता तू घाबरून करू नको."

भरावाच्या बरंच वर, तिवरांच्या झाडीच्या आडोशाला त्यांनी होडी थांबवली. नळी भरताना हिरीचा हात सवयीने पदराकडे गेला, तिथे क्षणभर थबकला आणि मागे आला. तिने पाणी होतं तसं ओतलं. पुन्हा ताडपत्री ओढली गेली.

ठिपका टोकाला पोचला. अंधूक, कडा विरघळलेल्या, पण पोचला. यमुनाने तीनदा पाणी बदलून पाहिलं आणि मगच आकडे मांडले. एकनाथने ताडपत्री गुंडाळली आणि होडी वळवली.

परतताना भरावाजवळ यमुनाने सुनावणीत दाखवण्यासाठी आणखी एक बाटली भरून घ्यायला सांगितलं. हिरीने ती भरली, उजेडात धरली. आत माती गोल फिरत होती.

"साहेबांपुढे असलं पाणी ठेवायचं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि झाकण घट्ट लावून बाटली तिने मांडीवर सांभाळून धरली.