मागची अकरा वर्षं

धाकटीला आकड्यांचं वेड होतं असं खात्यातले लोक म्हणत. ते खरं नव्हतं. तिला खोट्या आकड्यांचा राग होता, एवढंच.

तिच्याकडे सिमेंटचं काम होतं. कोळशाचा धूर मोजणारे वेगळे, ही दगडाचा हिशेब ठेवी. चुनखडी भट्टीत भाजली की दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, मग भट्टी कशावरही पेटवा. तो किती सुटला हे दरवर्षी काढायचं आणि बेचाळीस देशांच्या तक्त्यात आपली ओळ भरायची. कुणाचा वायू वाढला, कुणाचा घटला, यावर मग मोठी माणसं मोठ्या टेबलांभोवती बसून बोलत. या कामाला एकच कडक नियम होता. मोजायची पद्धत बदललीत, तर मागची सगळी वर्षंही नव्या पद्धतीने पुन्हा मोजायची. नाहीतर वजनकाटा बदलायचा आणि माणूस बारीक झाला म्हणून कौतुक करत बसायचं.

हा नियम तिच्या डोक्यात भरवला होता तो ताईनेच. ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण आणि खात्याची प्रमुखही. टेबलाशी धाकटी तिला ‘मॅडम’ म्हणे, आणि दुपारी आईने दोघींना मिळून दिलेला एकच डबा उघडला की ‘ताई’.

सहा वर्षांपूर्वीपर्यंत सगळे पुस्तकातला ठरावीक आकडा वापरत. मग धाकटी कारखान्या-कारखान्यांतून फिरली, भट्टीतून निघणाऱ्या काळ्या खड्यांत चुना किती हे तपासून घेतलं, आणि तो पुस्तकापेक्षा कमी निघाला. म्हणजे वायूही कमी. पण मग मागची वर्षं? गेल्या उन्हाळ्यात चार जुन्या कारखान्यांच्या प्रयोगशाळांमागच्या शेडांत तिला त्या खड्यांच्या बरण्या सापडल्या, प्रत्येकीवर साल लिहिलेलं. पूर्ण अकरा वर्षं. ताई स्वतः आली होती. नाकाला रुमाल बांधून दोघी आठवडाभर तिथे बसल्या. धाकटी यंत्रावरचा आकडा वाचे आणि ताई लिहून घेई. जुन्या वर्षांतही चुना तेवढाच कमी निघाला. थोडक्यात, घट झालीच नव्हती. ओळ अगदी सपाट होती.

“आहे ते आहे,” ताई तेव्हा हात झटकत म्हणाली होती. “सपाट तर सपाट.”

त्या दिवशी धाकटीला बहिणीचा जो अभिमान वाटला होता, तो आठवला की तिचं तिलाच आता कानकोंडं होई.

कारण सोमवारी छापील तक्ता आला. त्यात त्यांची ओळ झकास खाली उतरत होती. घट करणाऱ्यांत देश तिसरा. अलीकडची सहा वर्षं मोजलेली आणि मागची अकरा जशीच्या तशी पुस्तकातली. खाली ‘आकडे तयार करणारी’ म्हणून धाकटीचं नाव. तिला वाटलं, छापताना चूक झाली असणार. वेडी आशा ती.

बुधवारी दुसऱ्या देशाच्या तपासनीसाचं पत्र आलं. एकमेकांचे आकडे एकमेकांनी तपासायचे, अशी पद्धतच होती. त्याने सरळ विचारलं होतं, जुनी वर्षं पुन्हा का मोजली नाहीत? त्या पत्राला उत्तराचा कागद टाचलेला होता, फक्त धाकटीच्या सहीची जागा मोकळी. ‘जुने नमुने पुष्कळ शोधले. मला ते सापडले नाहीत.’

ती कागद घेऊन ताईच्या केबिनमध्ये गेली. दार लावलं.

“हे तू लिहिलंस?”

“बस आधी.” ताईने चष्मा काढला. “वरच्यांनी घट आधीच जाहीर करून टाकली होती. माझा हात दगडाखाली आहे. मी नाही म्हटलं असतं तर माझ्या जागी दुसरा आणला असता.”

“मग तुझं नाव घालायचं होतंस. माझं का?”

ताई चष्मा पुसू लागली. “तुझ्या नावावर लोकांचा विश्वास आहे,” ती म्हणाली. “तुझी सही पाहिली की तो पुढे विचारणार नाही.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. धाकटीने इतकी वर्षं जपलेला खरेपणा बहिणीने परस्पर वापरून टाकला होता, तोही चष्मा पुसत पुसत. धाकटीने रागाने तो कागद उचलला. ती आपल्या टेबलाशी परत आली.

कपाटात शेडमधल्या मोजणीचे ते अकरा कागद होते, वर्षाला एक. प्रत्येकावर ताईचं ठसठशीत अक्षर. तिने ते एकेक करून स्कॅन केले आणि तपासनीसाला नवं उत्तर लिहिलं. ‘नमुने सापडले आहेत. अकराही वर्षं मोजली आहेत. कागद सोबत आहेत. आमच्याकडे घट झालेली नाही. वाचन माझं, अक्षर माझ्या मोठ्या बहिणीचं.’ सही केली, पाठवलं, आणि एक प्रत ताईला दिली.

दुपारी ताई डबा न घेताच आली. हातात ती प्रत होती.

“बहीण कशाला लिहिलंस?” तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “खातेप्रमुख लिहायचं.”

“खातेप्रमुखांनी फसवलं असतं ना,” धाकटी म्हणाली, “तर मला एवढं लागलं नसतं गं.”