अर्ध्यावर अडकलेला पंख

तुम्ही माझ्यावर खोटी पाटी लावलीत. होय, तुम्हीच. वरच्या मजल्यावर बसून कुठली वस्तू देव आणि कुठली भंगार, हे ठरवणारे तुम्ही. पाटीवर लिहिलंय, 'मंदिरातील हंसवाहन, दक्षिण भारत, अठरावे शतक.' पाठीवरच्या लोखंडी कड्या म्हणे उत्सवात दिवे टांगायला. अंगावरचा पिवळेपणा म्हणे भाविकांच्या हळदीचा. एवढे सगळे शोध लावलेत, पण गळ्याखाली हात घालून बघावंसं एकालाही वाटलं नाही?

मित्रांनो, मी एक जुना लाकडी हंस आहे. पुरातन नाही, पवित्र तर मुळीच नाही. मी सिनेमात काम केलंय.

मद्रासच्या एका स्टुडिओत एका सुताराने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून मला घडवलं. सिनेमा त्या काळी काळा-पांढरा. पांढऱ्याशुभ्र रंगावर दिव्यांचा झोत पडला की पडद्यावर नुसता भगभगाट व्हायचा. म्हणून मला फिकट पिवळा रंग दिला, आणि पडद्यावर मी दुधासारखा दिसलो. हीच तुमची हळद!

सिनेमा जादूचा होता. मांत्रिकाने राजकन्येला सात समुद्रांपलीकडच्या बेटावर कोंडलेलं, आणि एका नावाड्याचा मुलगा माझ्या पाठीवर बसून तिला सोडवायला निघालेला. गंमत अशी, की सिनेमा एक पण भाषा दोन. प्रत्येक प्रसंग आधी तेलुगूत घ्यायचे, मग तोच तमिळमध्ये. नायक तोच, मांत्रिक तोच, पण माझ्या पाठीवर नायकामागे बसणारा विनोदी सोबती मात्र बदलायचा. तेलुगूतला गलेलठ्ठ, तमिळमधला काडीपैलवान. दोघांच्या वजनाप्रमाणे मला टांगायच्या तारा सारख्या कसायच्या आणि सैल करायच्या, त्यामुळे त्यासाठी छतावर बसलेली माणसं दोन्ही भाषांत शिव्या द्यायची. बाकीच्यांना सगळी वाक्यं दोनदा पाठ करावी लागायची. हंसाला भाषा नव्हती. मी दोन्हीकडे नुसता उडायचो.

उडायचो! कड्यांत तारा अडकवायच्या. नायक माझ्या गळ्याखालची दांडी दाबायचा, आतली सायकलच्या ब्रेकची वायर ताणली जायची आणि पंख वर. दांडी सोडली की खाली. समोरून मोठा पंखा, पायाखाली धुराचे ढग. जमिनीपासून फार तर पुरुषभर उंच होतो मी. पण थिएटरातल्या पोरांनी मला आभाळात पाहिलं ना? मग मी आभाळातच होतो.

पुढे सिनेमा उतरला. गोदामात पडून राहिलो, शेपटी उंदरांनी कुरतडली. स्टुडिओ बंद झाल्यावर भंगारवाल्याने मला रस्त्याकडेला मांडलं. तिथल्या एका कंपनीतल्या इंग्रज साहेबाची नजर पडली. भाव चढावा म्हणून भंगारवाल्याने 'देवळातला आहे' अशी थाप ठोकली. साहेबाने मला जपून मायदेशी आणलं आणि थापही जपली. त्याच्या मागे त्याच्या मुलीने आम्हा दोघांना, मला आणि त्या थापेला, इंग्लंडातल्या लीड्सजवळच्या या लहानशा संग्रहालयात आणून सोडलं.

तेव्हापासून मी या मंद उजेडाच्या खोलीत आहे. लोक येतात, चपला काढाव्यात का म्हणून घुटमळतात, हात जोडतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. शाळेची मुलं आली की त्यांच्या बाई ओठांवर बोट ठेवतात. ज्याला पाहून पोरं बाकावर उभी राहून किंचाळायची, त्याच्यासमोर आता श्वाससुद्धा जपून घेतात! मला भक्ती नको होती हो. ती किंकाळी हवी होती.

मागच्या हिवाळ्यात शशिकांत आले. मूळचे सोलापूरचे, इथल्या हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या सुनेकडे, नीनाकडे, राहायला आलेले. त्यांनी मला पाहिलं, आणि हात जोडायचे सोडून हसायलाच लागले.

"अगं नीना, हा तर आमचा हंस!"

"बाबा, हळू बोला. देवळातला आहे तो, पाटी वाचा ना."

"कसलं देऊळ घेऊन बसलीस! अंबादास आणि मी शाळा बुडवून बघायचो याला. आमच्या सोलापुरात पूर्व भागात तेलुगू विणकरांची वस्ती, तिथं तेलुगू सिनेमे लागायचे. मला तेलुगू ओ की ठो कळायचं नाही. अंबादास तेलुगू घरातला, तो कानात मराठीत सांगत राहायचा. पण हा उडायला लागला की तोही गप्प. पुढं काय म्हणून विचारलं की म्हणायचा, आता काय सांगायचं, बघ की!"

"मग पाठवू या का अंबादासकाकांना फोटो?"

"कुठं पाठवशील? कोविडात गेला तो."

मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला कुणीतरी ओळखलं, आणि ते मराठीत. म्हणून मी तुमच्याशी मराठीत बोलतोय.

शशिकांतनी खोली सांभाळणाऱ्या अपूर्वला गाठलं. त्याचे आजी-आजोबा पुण्याचे, तो जन्माने इथलाच.

"आजोबा, तुमचा गोष्ट खूप स्वीट आहे," अपूर्व म्हणाला, "पण एक्स्पर्ट लोकांनी चेक केलंय."

"गळ्याखाली दांडी आहे. दाबून बघ की लेका."

"टच नाही करू शकत." मग त्याने आवाज खाली आणला. "आणि खरं निघालं ना आजोबा, तर हा इथे नाही राहणार. ही रूम फक्त सेक्रेड वस्तूंचा आहे. सिनेमाचं म्हटलं की सरळ बेसमेंट."

मीही ऐकलं. खोट्या नावाने उजेडात राहायचं, की खऱ्या नावाने अंधारात जायचं? त्यानंतर शशिकांत अधूनमधून येऊन समोरच्या बाकावर बसायचे. माझं भलं व्हावं म्हणून गप्प बसले होते बिचारे. आणि मी आतल्या आत ओरडत होतो, दाबा हो, एकदा दाबा!

एक दिवस जमिनीवर शाळेची मुलं बसली होती, ओठ मिटून.

"बाबा, हात लावायचा नाही हं. कॅमेरे आहेत," नीना म्हणाली.

"नाही गं," म्हणत शशिकांत माझ्यापुढची दोरी ओलांडून आत आले. गळ्याखाली हात घातला. "अंबादास, बघ की," एवढंच पुटपुटले, आणि दांडी दाबली.

गंजलेली वायर करकरली. डावा पंख हललाच नाही. उजवा उठला, थरथरला आणि अर्ध्यावर अडकला. अंगावरची धूळ मुलांवर सांडली. मग एक मुलगी किंचाळली, "अगेन!" आणि सगळी खोली उभी राहिली. "अगेन! अगेन!" तुमचा अलार्मही त्यांच्यापुढे ऐकू येईना.

"बाबा, काय केलंत हे!"

"उडवला," शशिकांत म्हणाले. डोळे पुसायचंही भान नव्हतं त्यांना.

त्यांना तुम्ही इथे यायला बंदी केलीत. अपूर्वने मात्र हिंमत केली. दांडी आहे, वायर आहे, आजोबा खरं बोलत होते, असं त्याने तुम्हाला कळवलं. त्यावर तुम्ही काय केलंत? मला काचेत घातलंत आणि पाटीवर एक ओळ वाढवलीत, 'उजवा पंख भक्तांना अभय देण्यासाठी उचललेला.'

शाब्बास!

मित्रांनो, वस्तू जपायची म्हणजे नुसती तिची धूळ पुसायची नसते. तिने जन्मभर काय काम केलं, ते खरं सांगायचं असतं. नाहीतर ती काचेत असली तरी हरवलेलीच.

आणि तुम्ही, वरच्या मजल्यावरचे! न्या मला बेसमेंटला, माझी तयारी आहे. पण आधी शशिकांतना आत येऊ द्या आणि या वायरीला थोडं तेल घाला. माझा पंख अजून तसाच अर्ध्यावर आहे. मी आशीर्वाद देतोय, की उडायला निघालोय? मुलांनी त्यांचं उत्तर ओरडून दिलंय. तुमचं कुठंय?