फडक्याखालची चार डोकी

मी एक जुने, पोचे पडलेले ॲल्युमिनियमचे घंगाळ आहे. मित्रांनो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. माझ्यात कोण डोकावतो आणि का, यावर माझे बारीक लक्ष असते.

इजिप्तमधल्या तांता शहरात एका कारागिराने मला ठोकून घडवले. इन्शिराहच्या रुखवतात मी नाईलच्या कालव्याकाठच्या या खेड्यात आले. पहिली वर्षे मानाची गेली. माझ्यात कपडे धुतले, तिच्या लेकीला, बसीमाला न्हाऊ घातले, ईदच्या बिस्किटांचे पीठ मळले. शेजारीण मला उसने नेई, तेव्हा मी परत येईपर्यंत इन्शिराह दारातून हलत नसे.

मग ती करमूत विकू लागली. करमूत म्हणजे मिशाळ, बिनखवल्याचा मासा, तुमच्या मांगुराचा भाऊबंद. गाळात राहतो म्हणून सगळे त्याला नाक मुरडतात. इन्शिराह त्याला तीन दिवस माझ्यात जिवंत ठेवी आणि सकाळ-संध्याकाळ स्वच्छ पाणी बदली. त्याने चिखलाचा वास जातो. तरी गिऱ्हाईक आधी मला हुंगून पाही. पीठ आणि कपडे तर माझ्या वाट्याला पुन्हा आलेच नाहीत. माझी जागा कोंबड्यांच्या खुराड्यामागे गेली, याचे मला फार वाईट वाटले.

मागच्या हिवाळ्यात समुद्रकाठच्या रशीदहून हज्जा तफीदा बसीमाला आपल्या मुलासाठी पाहायला आली. मुलगा बसीमाच्या मनात भरला होता. आता सगळे हज्जाच्या हाती होते. समुद्राकडच्या बाईला पानात मासा हवाच, पण वादळामुळे बाजारात समुद्राचा मासा औषधालाही नव्हता. इन्शिराहने चार करमूत सोलले, लसूण-जिरे लावून तळले आणि मिशांची डोकी माझ्यात टाकून वर फडके झाकले.

माझ्या समोरच्याच ओसरीवर ताट मांडले. हज्जाने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

“कुठला मासा म्हणायचा हा?”

“वकार,” इन्शिराह म्हणाली. “समुद्राचा.”

“असं? तीन दिवस आमच्या होड्या किनाऱ्याला बांधलेल्या आहेत, आणि तुम्हाला वकार मिळाला? नशीबवान आहात बाई.” तिने तुकडा उलटा करून पाहिला. “याची डोकी कुठायत?”

“मांजरानं नेली.”

“शहाणं दिसतंय मांजर. पाहुण्यांसाठी मांस ठेवलं आणि आपण डोकी घेऊन गेलं.”

तिने तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. मग दुसरा घेतला. तिसरा भाकरीत गुंडाळून खाल्ला, बोटे चाटली. माझा जीव भांड्यात पडणार, इतक्यात ती बसीमाकडे वळली.

“पोरी, तू सांग. कुठला मासा?”

बसीमाने आईकडे पाहिले. “वकारच आहे, हज्जा,” ती म्हणाली. मला तिचा राग आला आणि दयाही आली.

हज्जा हात धुवायला अंगणात आली. नळ माझ्या शेजारीच होता. तिने हात धुतले, पुसायला म्हणून माझ्यावरचे फडके उचलले, आणि आठ डोळे व मिशांचे झुबके तिच्याकडे बघू लागले. तिने फडके नीट घडी करून माझ्या काठावर ठेवले.

“इन्शिराह,” ती ओसरीवर परत येऊन म्हणाली, “मी करमूत कधी खाल्ला नव्हता. चिखल लागतो म्हणतात, मला तर लोण्यासारखा लागला. करमूत म्हणून वाढला असतास तर मी कृती विचारून घेतली असती.”

“हज्जा, मला वाटलं तुम्ही शिवणार नाही.”

“नसते शिवले कदाचित. मग उपाशी गेले असते आणि पुढच्या शुक्रवारी परत आले असते. पण आता तुझी लेक मला जे सांगेल, त्याची डोकी मी शोधत बसायची का?”

ती गेली. रशीदहून पुन्हा निरोप आला नाही.

आता बसीमा मला दारात, उघड्यावर ठेवते आणि गिऱ्हाइकाला आधी मिशा दाखवते. काही नाक दाबून जातात, काही घेऊन जातात. मित्रांनो, मला घासायला विसरलात तरी चालेल. पण जे तुम्ही निगुतीने, मन लावून केले आहे, त्यावर लाजेने फडके टाकू नका. इन्शिराह अजून माझे पाणी बदलता बदलता थांबते आणि लेकीकडे न बघता म्हणते, “मासा तर आवडला होता गं तिला.”