राहिलेल्या दोन रांगा

२००६च्या ऑक्टोबरात गिरिजा शूटिंगसाठी शिकागोहून अमेरिकेच्या दक्षिणेकडे निघाली, तेव्हा डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या शोभनामावशीनं डबा भरून दिला आणि न राहवून विचारलंच, "अगं, त्या माणसानं काहीतरी केलं असेलच ना? उगाच कोण आत टाकतं?"

"मुठीत मावतील एवढी ड्रग्ज सापडली, मावशी. त्यापायी वीस वर्षं. आमच्या डॉर्ममधल्या गोऱ्या पोरांकडे त्याहून जास्त सापडली, तर नुसती वॉर्निंग देऊन सोडलं."

मावशीनं डबा पिशवीत ठेवला. मग "फोन करत जा," एवढंच म्हणाली.

गिरिजा नागपूरची. शिकागोत फिल्म शिकत होती. तिच्या प्रोफेसर व्हर्ना तुरुंगांवर डॉक्युमेंटरी करत होत्या. गुलामगिरी संपली, पण त्याच शेतांवर काळी माणसं कैदी म्हणून पुन्हा कशी राबायला लागली, तिथपासून आजपर्यंतची. आवाजाचं काम गिरिजाकडे होतं.

तो माणूस म्हणजे लूशस पेटवे, साठी उलटलेला, नुकताच सुटलेला. त्याचे वडीलही कैदीच होते. तुरुंगाच्या शेतावर राबता राबता गेले, तेव्हा लूशस दुसऱ्या तुरुंगात होता. त्याला मातीलाही जाऊ दिलं नव्हतं.

त्याच शेतामागच्या माळावर, कैद्यांच्या कबरींवर, सिमेंटचे बुटके खांब होते, त्यांवर नुसते नंबर.

"कुठला कुणाचा, कुणालाच ठाऊक नाही," सोबतचा गार्ड म्हणाला.

लूशसनं हॅट काढली. पहिल्या खांबापाशी वाकला. "गुड आफ्टरनून, पपा. मी लूशस." जरा थांबला. मग दुसऱ्या खांबापाशी गेला. पुन्हा तेच. मग तिसऱ्या.

"प्रत्येकाला?" व्हर्नांनी हळूच विचारलं.

"नेमके तेच राहून गेले तर? आणि बाकीच्यांकडे तरी कोण आलंय?"

मागच्या दोन रांगा उरल्या होत्या, तेवढ्यात गार्डनं वेळ संपल्याचं सांगितलं. लूशसनं वाद घातला नाही. वाद न घालण्याची त्याला सवयच लागली होती.

शिकागोत परतल्यावर गिरिजा हेडफोन लावून ते ऐकत बसायची. लूशसचा आवाज, मग वारा, मग पुन्हा त्याचा आवाज. त्या मधल्या वाऱ्यात ती श्वास रोखून वाट बघायला लागली. हळूहळू बसमध्ये, भांडी घासताना, कुणी बोलता बोलता थांबलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा. आत्ता कुणीतरी ओ देईल असं वाटायचं.

"तीन ठेव, बाकीचे कट कर," व्हर्ना म्हणाल्या. "लोक कंटाळतील." गिरिजानं कट केले. पण कापलेले आवाज तिच्या कानातून जाईनात. शेवटी तिनं लूशसला फोन केला.

"मिस्टर लूशस, दोन रांगा राहिल्यात."

लूशस म्हणाला, "मला वाटलं, माझ्याच लक्षात राहिलंय."

वसंतात ते दोघंच गेले, कॅमेरा न घेता. या वेळी आत सोडलं नाही. मग लूशस रस्त्यावर, कुंपणाच्या तारेला धरून उभा राहिला आणि लांबच्या त्या रांगांकडे बघून मोठ्यानं हाक मारू लागला. थोड्या वेळानं त्याचा आवाज बसला.

"मी म्हणू?" गिरिजानं विचारलं.

"म्हण, पोरी. तुझं नावही सांग. परकं कुणी हाक मारतंय असं नको वाटायला."

तिनं तार घट्ट धरली. "गुड आफ्टरनून, काका," ती म्हणाली. "मी गिरिजा."

माळावर गवत हलत होतं. लूशस डोळे मिटून ऐकत होता.