मावशींच्या डोक्याचा फोटो

सुनेने विषय काढला तेव्हा मावशी मटार सोलत बसल्या होत्या.

"आई, तुमच्या डोक्याचा फोटो काढू द्याल का?"

सून हॉस्पिटलमध्ये मेंदूचे फोटो काढणाऱ्या मशीनवर कामाला होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंना इंटरनेट कधीच न वापरलेली वयस्क माणसं हवी होती. आधी एक फोटो काढायचा, मग काही आठवडे रोज तासभर इंटरनेटवर मनाला येईल ते शोधायचं आणि मग पुन्हा फोटो. डोक्यात काही फरक पडतो का, ते त्यांना बघायचं होतं.

"काढा की. आत काही सापडलं तर मलाही कळवा," मावशी म्हणाल्या.

बोलल्या हसत, पण मनात धाकधूक होती. कापडाच्या दुकानात त्यांचा जन्म गेला होता. शंभर तऱ्हेची कापडं नावानिशी तोंडपाठ. आणि परवा शेजारणीपुढे 'गाळणी' हा साधा शब्द काही केल्या जिभेवर येईना! "ते हे... भोकांचं," म्हणत त्यांनी वेळ मारून नेली होती.

मशीन म्हणजे एक अरुंद बोगदा, आणि आत कुणी पत्रे ठोकत असावं असा ठणठणाट. डोळ्यांसमोर पडदा, बोटांखाली बटणं. पुस्तकाचं पान आलं, ते मावशींनी मजेत वाचलं. मग इंटरनेटचं पान आलं. दहा-बारा ओळी, त्यातली हवी ती निवडायची. मावशी नुसत्या बघत राहिल्या. कुठली दाबायची, ते कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत राहिल्या.

घरी टॅबलेट आला. मावशींचे यजमान, म्हणजे काका, लिफ्ट दुरुस्त करण्यात हयात घालवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "या वयात नसते उद्योग!" मावशींनी मुकाट्याने गुडघेदुखीवरचे व्यायाम शोधले आणि जांभया दिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मग एका दुपारी घरात सामसूम बघून त्यांनी एका बोटाने टाइप केलं: शिट्टी कशी वाजवावी?

लहानपणी धाकटा भाऊ शिट्टी घालून अख्खी गल्ली गोळा करायचा. मावशींनी एकदाच ओठ गोल केले, तर आत्याने कान पिळला होता. "पोरीच्या जातीला शोभतं का हे?" कान दुखायचा थांबला, हौस काही गेली नव्हती.

आता पानंच पानं समोर आली. एक म्हणे जीभ वर ठेवा, दुसरा म्हणे खाली. तिसरा चक्क शिट्टीच्या गोळ्या विकत होता. मावशींची दुकानातली नजर जागी झाली. "हा वरून चकाचक, पहिल्या धुण्यात रंग सोडणार. ही बाई मात्र घट्ट विणीची दिसतेय." रोजचा तास कधी उलटून जाई, कळत नसे. ओठांतून मात्र नुसती फुस्स हवा.

काका चार दिवस पेपराआडून बघत होते. पाचव्या दिवशी राहवेना.

"अगं, ओठ इतके आवळल्यावर हवा जाणार कुठून?"

"मग दाखवा ना तुम्ही!"

दोघं समोरासमोर बसले. डोळे मिटलेले, ओठांचे चंबू. नेमकी तेव्हाच सून कामावरून आली आणि दारातच थबकली.

"मी... थोड्या वेळाने येऊ का?"

काका कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. मावशींना असं हसू फुटलं की पोट धरावं लागलं. दम खाताना त्यांनी ओठ गोल केले आणि शिट्टी वाजली! बारीक, वाकडीतिकडी, पण शिट्टीच.

सून चपला न काढताच आत धावली.

"आई, पुन्हा!"

पुन्हा वाजली. मग रात्रीच्या जेवणापर्यंत वाजतच राहिली. काका म्हणाले, "आता ही बंद कशी करायची, तेही शोध."

दुसऱ्या फोटोच्या वेळी मावशी वाट बघत बसल्या नाहीत. हे उघड, ते टाक, पुढे चल. मध्येच बोगद्यातून खुदखुद ऐकू आली.

"आई, हलू नका! फोटो बिघडेल!" सून माइकवरून ओरडली.

"अगं, इथे एकजण नाकाने वाजवतोय!"

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पहिल्यात पान वाचतानाचे ठिपके उजळले होते, शोधतानाही जवळपास तेवढेच. दुसऱ्यात शोधताना कपाळामागचा भागही उजळला होता. निवड करताना, निर्णय घेताना लागतो तो. संध्याकाळी एखाद्या इमारतीत एकेक खिडकी उजळत जावी, तसं दिसत होतं. मावशी बघतच राहिल्या.

"हे सगळं माझ्या डोक्यात?"

"तुमच्याच. पण हुरळून जाऊ नका हं. माणसं मोजकी आहेत, अभ्यास लहान आहे. विसरलेले शब्द परत येतील, असं वचन मी देणार नाही."

"नका देऊ," मावशी म्हणाल्या. "विसरलेलं विचारायला एक जागा झाली, तेवढं पुष्कळ आहे."

त्या तरंगतच घरी आल्या. काका टॅबलेटमध्ये नाक खुपसून बसले होते. चष्मा कपाळावर, चहा निवलेला.

"अहो, ऐकलंत का, माझ्या डोक्यात..."

"थांब जरा. हे एवढं पान होऊ दे."

मावशींनी खांद्यावरून डोकावून पाहिलं. वर काकांचा प्रश्न होता: घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू का येत नाही?

'मी घोरतच नाही' असं लग्नापासून ठणकावून सांगणारा माणूस! मावशींनी तोंडाला पदर लावला.

"मिळालं उत्तर?"

"तिघं तीन तऱ्हा सांगतायत," काका नजर न उचलता पुटपुटले.

"सरका," म्हणत मावशी शेजारी टेकल्या आणि त्यांनी चष्मा चढवला. "यातला खरा कोण, बघू या."